शेळीने चाटलेला पाया

१

काँक्रीट दुपारनंतर पडायचं होतं, आणि सकाळीच शेजारच्या मास्तरांची शेळी पायाच्या खड्ड्यात उतरली होती.

त्या शेळीला सगळी आळी महाराणी म्हणायची. कुणाच्या अंगणात जायचं आणि कुणाचं वाळत घातलेलं चावायचं, हे ती स्वतःच्या मर्जीने ठरवत असे. सळयांचं काम करणाऱ्या फिटरने तिला हड्हड् केलं, खडे मारले, शेवटी कान धरून ओढलं. पण पठ्ठी चारी पाय रोवून उभी. कोपऱ्यातल्या सळयांच्या जाळीखाली मान खुपसून ती काहीतरी चाटत होती, आणि डोळे मिटून चाटत होती.

घराचे मालक काठावर उभे राहून हसत होते. लहानथोर सगळे त्यांना दादाच म्हणत. आवाज मोठा, पोट मोठं, आणि हसले की दोन्ही खांदे गदगदा हलायचे.

"या बाई, या!" ते ओरडले. "उशीर केलात. महाराणींनी पाया पास करून टाकला. आता तुम्ही नुसती सही ठोका."

पालिकेच्या बांधकाम कचेरीतल्या बाई हसल्या नाहीत. त्या काळी एखादी बाई इंजिनियर होते आणि खड्ड्यात उतरते याचंच लोकांना अप्रूप. त्यात हिच्या हातात भर उन्हातही टॉर्च असायची, म्हणून नावच पडलं होतं टॉर्चबाई. पाया एकदा काँक्रीटखाली गेला की पुन्हा कुणाला दिसत नाही, म्हणून ओतण्याआधी तो डोळ्यांनी बघायचा, असा नियम होता. कचेरीतले इतर साहेब काठावरूनच मान डोलवायचे आणि चहाला जायचे. टॉर्चबाई चपला काढून खाली उतरत आणि लाज न बाळगता पोटावर आडव्या होत.

आजही त्या आडव्या झाल्या. शेळीच्या जिभेशेजारी त्यांनी टॉर्च धरली.

सळयांची जाळी जमिनीला टेकू नये म्हणून तिच्याखाली सिमेंटचे छोटे ठोकळे ठेवतात. साबणाच्या अर्ध्या वडीएवढे. इथेही होते, तसेच करडे, तसेच चौकोनी. फक्त शेळीने चाटलेला ठोकळा एका बाजूने पांढरा झाला होता. बाईंनी त्यावर नख ओढलं. सिमेंटवर नख उमटत नाही, इथे उमटलं. त्यांनी बोट जिभेला लावलं.

मग त्या उठून बसल्या, केसातली माती झटकली, आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "फिटर, मिक्सरवाल्याला सांगा, आज काही ओतायचं नाही. हे मीठ आहे."

२

"मीठ?" दादांचे खांदे हलायचे थांबले. "कसलं मीठ?"

"स्वयंपाकातलं. पिठात मळून, वाळवून, वरून सिमेंटच्या पाण्यात बुडवलेलं. सुकलं की दगडासारखं होतं, ओलं काँक्रीट पडलं की लापशी. मग जाळी खाली बसते, मातीची ओल तिच्यापर्यंत पोचते, त्यात हे मीठ. लोखंडाला आतून गंज चढतो. बाहेरून काही दिसायचं नाही. मुलांची लग्नं होतील, भिंतींना रंग देऊन होईल, तरी घर उभंच. आणि एक दिवस हा कोपरा खचेल."

फिटरने न सांगता बाकीच्या तिन्ही कोपऱ्यांतले ठोकळे हातोडीने ठोकून पाहिले. मधलेही पाहिले. सगळे टणक. खोटे ठोकळे याच एका कोपऱ्यात होते.

"याच्याशिवाय कोण करणार!" दादांनी फिटरची कॉलर धरली. "परवा सगळ्यांच्या देखत काय बोललास? 'हे घर तुमच्याच डोक्यावर पडेल.' बोललास की नाही?"

"बोललो," फिटर म्हणाला. त्याने कॉलर सोडवली नाही. "तुम्ही म्हणालात, एवढं लोखंड कशाला. मी म्हणालो, लोखंड वाचवून घर तुमच्याच डोक्यावर पडेल. त्यावर तुम्ही माझ्या थोबाडीत मारलीत. तेही सगळ्यांच्या देखतच."

"बघा, बघा! सूड घेतलाय हरामखोराने!"

"सोडा त्याला," बाई म्हणाल्या. "फिटरला सूड घ्यायचा असता तर मीठ मळत कशाला बसला असता? ठोकळे ठेवलेच नसते, दोन सळया कमी बांधल्या असत्या. त्याच्या हातात सगळी जाळी आहे, दादा. आणि हे ठोकळे बघा कसे मांडलेत, ताटाभोवती वाट्या मांडाव्यात तसे एका ओळीत. फिटर ठोकळा सळयांच्या फुलीखाली ठेवतो. ज्याने हे केलंय त्याला ठोकळे ठाऊक आहेत, पण जाळी बांधता येत नाही."

त्यांनी पिशवीतून मंजूर नकाशा काढून गुडघ्यावर पसरला आणि या कोपऱ्यावर बोट टेकवलं. तिथे लिहिलं होतं: मालकांची निजायची खोली.

"सगळं घर पाडायचं असतं तर मधला खांब धरला असता," त्या म्हणाल्या. "पण कुणाला तरी एकच खोली पाडायची आहे. झोपलेल्या माणसासकट."

दादांनी घाम पुसला. मग त्यांची नजर हळूहळू शेजारच्या घराकडे वळली. तिथे खिडकीत चित्रकलेचे निवृत्त मास्तर चहा पीत उभे होते, आणि मास्तर हसत होते.

३

मास्तरांच्या बैठकीत पाऊल टाकलं आणि टॉर्चबाई दारातच थबकल्या.

भिंतीवरच्या फळीवर प्राण्यांची रांगच होती. हत्ती, कासव, मान मोडलेला जिराफ, डोळे रंगवलेली घुबडं.

"आळीतल्या पोरांनी केलेत," मास्तर म्हणाले. "सुट्टीत शिकवतो मी. दोन वाट्या पीठ, एक वाटी मीठ, पाणी. उन्हात वाळवलं की दगड. बसा ना बाई. तुम्ही अशा बघताय की जणू मी बंदुका मांडून ठेवल्यात."

बाईंनी खड्ड्यातला ठोकळा टेबलावर ठेवला. मास्तरांनी तो उचलला, वास घेतला, आणि त्यांचं हसू मावळलं.

"अरेच्चा," ते म्हणाले. "हे तर माझंच गणित."

"तुमचं दादांशी वाकडं आहे."

"वाकडं? माझं त्याच्याशी सरळ असं काही नाहीच. माझ्या कुंपणाचा पट्टा त्याने गिळला. माझ्या शेळीला विष घालीन म्हणाला. तो मेला तर मी दोन दिवस सुट्टी घेईन, आणि मी तर निवृत्त माणूस." मास्तरांनी खिडकीकडे बोट केलं. "पण बाई, डोळे आहेत ना तुम्हाला? तो कोपरा माझ्या भिंतीला लागून आहे. खचला तर घर कुठे पडेल? माझ्या स्वयंपाकघरावर. बायको आयुष्यभर तिथेच उभी असते. शेजाऱ्याचा जीव घ्यायला मी आधी आपली बायको मारीन?"

हे बाईंना पटलं. नकाशावर त्यांनी ते आधीच पाहून ठेवलं होतं. माणूस स्वतः सांगतो का, एवढंच बघायचं होतं.

"आणि दुसरं म्हणजे," मास्तर पुढे म्हणाले, "त्या खोलीत दादा झोपणारच नाही. तुमच्याकडचा नकाशा जुना झाला. महिनाभरापूर्वी त्याने कुंपणावरून मला ऐकवलं, 'मास्तर, तुमच्या शेळीच्या वासात मी झोपणार नाही. माझी खोली पलीकडे नेली.' मोठ्याने ऐकवलं, मुद्दाम."

"मग या कोपऱ्यात कोण?"

"धाकटी. त्याच्या मेलेल्या भावाची बायको. ती आणि तिची मुलगी."

टॉर्चबाईंचा हात टेबलावरच राहिला. इतका वेळ त्या दादांचा वैरी शोधत होत्या. आता प्रश्नच उलटा झाला. त्या गरीब विधवेवर आणि तिच्या पोरीवर घर पाडायचं कुणाच्या मनात होतं?

४

फिटर विटांच्या थप्पीवर बसून विडी ओढत होता.

"हो, बदलल्यात खोल्या," तो म्हणाला. "मालकांच्या खोलीला न्हाणी आहे, म्हणून पलीकडच्या कोपऱ्यात नळाला वाट ठेवून सळया बांधल्यात. मला नाही कळणार? या कोपऱ्यावर धाकट्या ताई."

"त्यांचं वाईट व्हावं असं कुणाला वाटेल?"

फिटरने विडी विझवली. "बाई, ही जागा दोघा भावांच्या बापाची. धाकट्याचा अर्धा वाटा आता ताईंचा आणि पोरीचा. त्या दोघी नसल्या तर जागा कुणाची?" त्याने इकडेतिकडे पाहिलं. "आणि धाकटा कसा गेला ठाऊक आहे ना? गोदामाची भिंत पडली. त्या कामाचा ठेका दादांचा. भिंतीत घालायचं लोखंड ट्रकमधून उतरलंच नाही, आल्या पावली परत गेलं. मी तेव्हा तिथेच कामाला होतो. बोललो, तर म्हणाले, पुन्हा तोंड उघडलंस तर उद्यापासून कामावर येऊ नको. मग दादांनी सगळीकडे सांगितलं, भावाने टेकू नीट लावले नाहीत, त्याचीच चूक, स्वतःच्या हाताने मेला."

"आणि लोकांना पटलं?"

"मेलेला माणूस भांडायला येत नाही ना, बाई."

बाई तडक दादांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"खोल्या बदलल्यात, मला का नाही सांगितलंत?"

"घरातल्या घरात अदलाबदल!" दादा उसळले. "त्यात कचेरीला काय सांगायचं?"

"घरच्यांना सांगितलंत?"

"घरच्यांना म्हणजे बायकांना?" दादांना खरंच नवल वाटलं. "त्यांना काय विचारायचंय त्यात? राहायला जाऊ तेव्हा कळेलच कुणाची खाट कुठे ते. आमच्याकडे नकाशे-बिकाशे बायकांपुढे ठेवायची पद्धत नाही. तुमचं वेगळं आहे, बाई, तुम्ही शिकलेल्या."

टॉर्चबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मघापासून या माणसाच्या गळ्याभोवती त्या फास आवळत आणत होत्या. तो फास त्यांच्या हातात सैल पडला, आणि दुसरीच एक गोष्ट अंगावर काटा आणत पुढे सरकली.

"तुमची भावजय कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

५

घर होईपर्यंत कुटुंब जागेच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या दोन खोल्यांत राहत होतं. धाकटी दारात बसून कामगारांचे कप विसळत होती. हडकुळी, केस घट्ट ओढून बांधलेले, हात सतत ओले असल्याने बोटं सुरकुतलेली. मुलगी शाळेत गेली होती.

"चहा टाकू, बाई?"

"टाका."

बाई आत बसल्या. त्या काळच्या घरांसारखंच घर, काही म्हणजे काही वाया न घालवणारं. फुटक्या बरणीत चमचे, जुन्या चादरीच्या पिशव्या, रिकाम्या डब्यात लावलेलं रोप. पाण्याचं पिंप ओल धरू नये म्हणून जमिनीपासून उचलून ठेवलेलं. बाईंनी सवयीने टॉर्च लावली आणि पिंपाखाली पाहिलं.

पिंप छोट्या, करड्या, चौकोनी ठोकळ्यांवर उभं होतं. सळयांना बांधायची तार त्यांना अजून चिकटलेली होती.

बाईंनी टॉर्च विझवली. चहा आला. त्यांनी एक घोट घेतला.

"घर छान होणार तुमचं," त्या म्हणाल्या. "त्या मास्तरांकडच्या कोपऱ्यावर कोण झोपणार?"

"मोठे भाऊजी," धाकटी म्हणाली. लगेच म्हणाली. तिला ते पाठ होतं.

"नाही."

"नाही कसं? नकाशा भिंतीला लावला होता, मीच तर रोज झाडताना बघायची."

"तो नकाशा जुना. महिन्यापूर्वी खोल्या बदलल्या. मास्तरांना ठाऊक आहे, फिटरला ठाऊक आहे, दादांनी तर स्वतःच बदलल्या. त्यांच्यातल्या कुणालाही दादांवर घर पाडायचं असतं तर त्याने हा कोपरा धरला नसता. फक्त तुम्हालाच कुणी सांगितलं नाही." बाईंनी कप खाली ठेवला. "त्या कोपऱ्यावर तुम्ही झोपणार आहात. तुम्ही आणि तुमची मुलगी."

धाकटीच्या हातातला फडका खाली पडला नाही. तिने तो पिळला. पाणी निथळून गेलं तरी पिळतच राहिली.

"खोटं बोलताय."

"खरे ठोकळे फेकून का नाही दिलेत?"

"चांगले होते की," ती नकळत बोलून गेली, आणि मग खुदकन हसली, आणि ते हसू वाईट होतं. "बघा बाई, काटकसरीने घात केला. पोर मास्तरांकडून हत्ती करायला शिकून आली. मी म्हटलं, अगं, हे तर उपयोगाचं आहे. संध्याकाळी माणसं गेली की लाकडाच्या ढलप्या वेचायला मी जायचेच रोज. एकेक काढायचा, एकेक सरकवायचा. कुणी बघितलं तरी काय दिसणार? धाकटी ढलप्या वेचतेय."

"का केलंत, हे मला फिटरने सांगितलं."

"फिटरने भिंतीचं सांगितलं असेल. पुढचं तो काय सांगणार?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "नवऱ्याला अजून घरी आणलं नव्हतं, आणि मोठे भाऊजी दारात उभे राहून लोकांना सांगत होते, त्याचीच चूक. मग म्हणाले, तुला आणि पोरीला मी सांभाळीन. सांभाळलंन! दोन्ही वेळा जेवताना ऐकवलंन, 'माझा भाऊ गाढव होता म्हणून तू माझ्या गळ्यात पडलीस.' मी वाढत होते आणि ऐकत होते. मला घाई नव्हती, बाई. दहा वर्षं लागू देत, वीस लागू देत. त्यांनी स्वतः बांधलेल्या घराखाली त्यांनी जावं, आणि जमलेल्या लोकांनी म्हणावं, बांधणाऱ्याचीच चूक. एवढंच ऐकायला मी जगणार होते."

"आणि मुलगी?"

"तिचं लग्न होऊन ती..." एवढं बोलून धाकटी थांबली. पहिल्यांदाच तिचा चेहरा पांढरा पडला. ती उठली, अनवाणी धावत सुटली, आणि खड्ड्यात उडी मारून दोन्ही हातांनी जाळीखालचे ठोकळे उपसायला लागली.

६

दादा, फिटर, आरडाओरडा ऐकून आलेले मास्तर, सगळे काठावर गोळा झाले. कुणी काही विचारायची गरजच नव्हती.

"मी केलं," खालून धाकटी म्हणाली. तिच्या तळहातांना सळयांनी ओरखडलं होतं.

"खाल्ल्या घरचे वासे मोजणारी!" दादांचा आवाज चिरकला. "माझ्या घरात राहून, माझ्या अन्नावर..."

"वासे नाही मोजले, भाऊजी. तळापासून सुरुवात केली."

"पोलिसांत देतो तुला! आत्ताच्या आत्ता!"

आळीत फोन एकच, मास्तरांच्या बैठकीत. दादा तिकडे धावले, त्यांच्यामागे सगळी वरात. त्यांनी रिसीव्हर उचलला, तबकडीत बोट घातलं.

"लावा," टॉर्चबाई म्हणाल्या. "ते येतील आणि पहिलं विचारतील, असं का केलंस. ती सांगेल. मग ते फिटरला विचारतील, गोदामाच्या भिंतीचं लोखंड कुठे गेलं."

तबकडीत घातलेलं बोट तिथेच राहिलं. फळीवरच्या घुबडांच्या रांगेखाली दादा तसेच उभे राहिले. मग त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि चेहऱ्यावर हसू ओढून आणलं. खांदेसुद्धा जरा हलवले.

"जाऊ दे," ते म्हणाले. "घरातलं घरात मिटवू. पोरीकडे बघून माफ केलं तुला."

"मला माफी नको."

बाईंनी धाकटीचा दंड धरून तिला बाजूला घेतलं. "हे बघ," त्या हळूच म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच तिला अगंतुगं करून बोलल्या, "काँक्रीट पडलेलं नाही. ठोकळे निघालेत, नवे घालून घेते. एवढ्यावर थांबता येतं. मुलीचा विचार कर."

"तिचाच करतेय, बाई. परवा शाळेत कुणीतरी तिला विचारलं, तुझा बाप कसा मेला? ती काय म्हणाली ठाऊक आहे? 'त्याचीच चूक होती.' घडाघडा म्हणाली, धडा म्हणावा तशी. मला वाटलं होतं, ते मेले की फिटेल. पण ते मेले असते तर ही चूक बापाच्या नावावर तशीच राहिली असती." तिने मास्तरांकडे पाहिलं. "मास्तर, पोरगी शाळेतून येईल..."

"ती आमच्याकडे राहील," मास्तर म्हणाले. "लागेल तेवढे दिवस. तू कर फोन."

"ए!" दादा पुढे झाले. "तू आत जाशील, मूर्ख बाई! मी नाही, तू!"

"जाईन की. तिथे मला विचारतील तरी. तुमच्या घरात कुणी काही विचारत नाही."

तिने पदराला हात पुसले आणि तबकडी फिरवली. पलीकडे कुणीतरी उचललं.

"हॅलो. पोलीस ठाणं ना? दोन गुन्हे सांगायचेत. पहिला माझा आहे, तो अर्धाच राहिला. दुसरा पुरा झालेला आहे, त्यात माणूस गेलाय. नाही, साक्षीदार आहे. इथेच उभा आहे. तुम्ही लिहून घ्या, मी सावकाश सांगते."

दादा दाराकडे वळले. दारात फिटर उभा होता, आणि तो बाजूला झाला नाही.